उघडं सापडलेलं फाटक

व्हेल्डा पुन्हा मेली. या खेपेला तर तिला धड पळायलाही मिळालं नाही. समुद्रकाठी वाळूत ती काळी बोरं गोळा करत होती. भूक लागल्याचं चिन्ह कोपऱ्यात लुकलुकायला लागलं म्हणून तिने त्यातलीच मूठभर तोंडात टाकली, आणि डोळे जड होऊन जागीच आडवी झाली. मग झुडपांतून कोंबडीएवढ्या दोनपायी प्राण्यांची पिलावळ टुणटुणत आली आणि तिला पायाकडून खायला लागली. पडदा काळा झाला.

"काळी खाल्लीस ना?" फोनवर ऑरिन म्हणाला. "वहिनी, काळी बोरं आपण नाही खायची. ती दुसऱ्याला चारायची, म्हणजे तो झोपतो."

"मग खाण्यासारखी दिसतात कशाला मेली?"

"डायनासोरांच्या बेटावरचा खेळच तसा आहे. नवीन माणसाला मारायलाच बसलाय तो. पुन्हा उठ."

व्हेल्डा पुन्हा उठली. म्हणजे पडद्यावरची व्हेल्डा उठली, अंगावर चिंधीभर कपडे, हात रिकामे, समोर तोच समुद्र. खरी व्हेल्डा कॅनडातल्या स्विफ्ट करंट गावच्या हॉस्पिटलात नवऱ्याच्या खाटेशेजारी बसली होती आणि जेवणाच्या ट्रेवर लॅपटॉप ठेवून बटणं बडवत होती. आयुष्यभर गुरं राखलेली बाई. वासराच्या जन्माच्या वेळी खांद्यापर्यंत हात घालणारी. तिच्या बोटांना ही बारकी बटणं सापडत नव्हती, आणि त्याचा तिला इतका संताप येत होता की एकदोनदा तिने लॅपटॉपलाच शिवी हासडली होती. नर्स हसली होती. नर्सला काय ठाऊक!

लायल डोळे मिटून पडला होता. तोंडावर प्राणवायूचा मास्क, उशाशी एक मशीन, ते सारखं टिक् टिक् करत असायचं. फुप्फुसं गेली होती आणि त्यांच्यामागोमाग हृदयही निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी सकाळी व्हेल्डाला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं, "ज्यांना बोलवायचं असेल त्यांना आता बोलवून घ्या."

बोलवायचं होतं ते एकच माणूस. त्यांची मुलगी, मारिट. आणि मारिटला बोलवायला आईबापांकडे जगातली कुठलीच वाट उरली नव्हती.

तिने त्यांचे फोन बंद करून टाकले होते. ती उत्तरेकडे तेलाच्या विहिरींवरच्या कामगार वस्तीत स्वयंपाक करते एवढं ठाऊक होतं, पण तिथे विचारलं तर ती केव्हाच सोडून गेली म्हणाले. कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. राहिला होता फक्त हा खेळ. घरी असतानाही ती हाच खेळायची, मॅगपाय या नावाने. आपल्या माळरानावरच्या काळ्यापांढऱ्या चोरट्या पक्ष्याचं नाव. ऑरिनने शोधून काढलं होतं की त्या बेटावर मॅगपाय अजून आहे, दुपारी हमखास असते, आणि उत्तरेला नदीच्या वळणावर तिचं मोठं कुंपण आहे.

"मग तूच जाऊन सांग ना तिला," व्हेल्डा म्हणाली होती.

"मला बघताच हाकलते ती. विसरलीस का?"

कशी विसरेल. गेल्या वर्षी व्हेल्डानेच त्याला खेळात पाठवलं होतं, बाबा फार आजारी आहेत, लगेच ये, असं सांगायला. तेव्हा लायल धडधाकट होता. पोरीने एकदा घरी यावं, बस्स, बाकीचं आपण समजावू, असा व्हेल्डाचा हिशेब. मारिट बर्फातून गाडी हाकत आली, तर बाप ट्रॅक्टरवर बसून गवताचे गठ्ठे हलवत होता. ती गाडीतून उतरलीसुद्धा नाही. तशीच वळली आणि गेली.

आता खरं सांगायचं होतं आणि सांगायची सोय नव्हती. व्हेल्डाने आपल्याच हाताने ती घालवली होती. म्हणून ऑरिनने बेत काढला. नवशिकी म्हणून जायचं. तोंडाने बोलायचं नाही, नुसतं टाइप करायचं. तिचा विश्वास बसला की मग हळूच सांगायचं. नाव काय घ्यायचं विचारल्यावर त्याने टेबलावरचा न्याहारीचा खोका बघून 'ओटमील' लिहून टाकलं होतं.

"नदीच्या काठाकाठाने जा," ऑरिन सांगत होता. गवताच्या माडीवरून पडून त्याचा पाय मोडला तेव्हापासून हा पन्नाशीचा बाप्या असल्या खेळांत पंडित झाला होता. "पण पाण्यात उतरू नको. मोठ्या चरणाऱ्या जनावरांच्या वाटेला जाऊ नको. गोजिरवाणं काही दिसलं तर आधी पळ. आणि हे बघ, खेळ बंद केलास म्हणजे तू तिथून नाहीशी होत नाहीस. आहेस तिथेच झोपतेस, अंग तिथेच पडून राहतं. कुणीही येऊन खातं. तेव्हा दाराआड गेल्याशिवाय बंद करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

कळलं, पण वळायला वेळ लागला. तिला मगरीने खाल्लं. एका बेडकासारख्या, गळ्याशी झालर असलेल्या, फार लोभस प्राण्याने तोंडावर थुंकून आंधळं केलं आणि मग खाल्लं. कड्यावरून पडून ती आपली आपणच मेली. थंडीने मेली, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "सस्काचेवानात जन्म काढला आणि इथे गारठून मेले!" आणि हसता हसता तिला रडू फुटलं, कारण मशीनची टिकटिक मध्येच अडखळली होती. ती उठून लायलचा हात धरून उभी राहिली. टिकटिक पुन्हा लागली. लायलने डोळे किलकिले केले, मास्कआड ओठ हलले. शब्द ऐकू आला नाही, पण कुठला असणार ते तिला कळलं. दोन दिवस तो एकच नाव घेत होता.

"आणते तिला," व्हेल्डा म्हणाली. "आणतेच. जरा दम धर."

ती पुन्हा वाळूत उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुंपणाशी पोचली. झाडाच्या उभ्या ओंडक्यांचं कुंपण, दुमजली उंच, मधोमध भलंमोठं लाकडी फाटक. तिच्या अंगावर जखमा, हातात मोडका भाला. फाटकावर एक बाई उभी होती, काळंपांढरं चिलखत घातलेली, आणि लॅपटॉपमधून आवाज आला.

"ए, कोण गं तू? चड्डीवर इतक्या उत्तरेला आलीस?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तो आवाज. तोच, थोडा घोगरा, शेवट वर उचलणारा. तिने कानातला हेडफोन ओरबाडून काढला, वायर उपटली, लॅपटॉप उचलून लायलच्या उशीला टेकवला. आवाज खोलीत पसरला.

"बहिरी आहे का ही? हबकॅप, बघ रे, नवीन दिसतेय."

"जेवायला घाल किंवा मारून टाक," एक पुरुषी आवाज म्हणाला. हा हबकॅप, खेळातला तिचा सोबती. "फाटकात ताटकळत ठेवू नको, वास काढत शिकारी रॅप्टर येतात."

लायलचे डोळे सताड उघडले होते. तो पडद्याकडे बघत नव्हता, छताकडे बघत होता आणि ऐकत होता. व्हेल्डाने टाइप केलं, 'मी ओटमील. बोलायचं यंत्र बिघडलंय. मला काही येत नाही.'

"ते दिसतंयच," मारिट हसली. "ये आत. मागे फाटक लाव."

असं व्हेल्डाला तिच्या लेकीने घरात घेतलं.

आणि काय शिकवलं तिने! बापासारखं शिकवायची, रागावत रागावत. दगडाची कुऱ्हाड कशी बांधायची, मांस कुठे वाळवायचं, शेण टाकून द्यायचं नाही, ते वाफ्याला लागतं. "हे तर मला ठाऊक आहे," असं व्हेल्डाच्या बोटांवर आलं होतं, ते तिने मागे घेतलं. "झोपायचं असेल तर दाराआड, ओटमील. उघड्यावर झोपलीस तर मी रडणार नाही हं," असंही मारिट म्हणाली. गोठ्यात तिचं एक तीनशिंगी डायनासोरचं पिल्लू होतं, अंड्यातून नुकतं आलेलं. त्याला घटकाघटकाला काही ना काही लागायचं. कधी पिवळी बोरं, कधी नुसतं थोपटणं. वेळ चुकली तर ते खंगायचं. व्हेल्डा त्याच्याशेजारी ठाण मांडून बसली. वासराजवळ बसून राहण्यात तिला काही शिकायचं नव्हतं.

"तुला कंटाळा नाही येत?" मारिटने विचारलं.

'नाही. आमच्याकडे गुरं होती.'

"आमच्याकडेपण होती," मारिट म्हणाली आणि पिल्लाला थोपटायला लागली.

हीच वेळ होती. व्हेल्डाची बोटं बटणांवर आली. पण धीर झाला नाही. आत्ता सांगितलं आणि तिने हाकललं तर? पुन्हा उत्तरेला यायला दिवस जाईल, आणि दिवस कुठे होते? खरं सांगायचं तर आणखी एक लोभ होता. खोलीत लेकीचा आवाज होता, नवरा तो ऐकत होता, त्याचा श्वास सकाळपेक्षा संथ होता. थोडा वेळ असाच जाऊ दे, असं तिला वाटलं. माणूस अशाच वेळी घात करून घेतो.

पिल्लाला पिवळी बोरं हवी झाली. साठा संपला होता. मारिट आणि हबकॅप नदीवर गेले होते. व्हेल्डा टोपली घेऊन बाहेर निघाली.

फाटक उघडं होतं.

ती थबकली. मग जसं सापडलं तसंच सोडून बाहेर गेली. तिने विचारसुद्धा केला नाही, असं नाही. केला. पण तो विचार तिचा नव्हता, हाडांत मुरलेला होता. माळावरच्या कुठल्याही पोराला चालायला लागल्याबरोबर शिकवतात, फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. लावलेलं असेल तर मागे लावायचं. उघडं असेल तर ते कुणीतरी कशासाठी तरी उघडं ठेवलंय, गुरं पाण्यावर गेली असतील, ती परत यायची असतील. आपण शहाणपणा करून लावलं तर जनावरं तहानेने मरतात. लायलने हे मारिटला खांद्यावर बसवून शिकवलं होतं.

ती झुडपांत वाकली असताना किंकाळी ऐकू आली. धावत आली तेव्हा तीन रॅप्टर गोठ्यातून बाहेर पडत होते, तोंडं लाल. पिल्लू आडवं पडलं होतं. डोळे उघडे, शिंगाचे कोंभ नुकते फुटलेले.

मारिट आणि हबकॅप धावत आले. फाटकाबाहेरच रॅप्टर मेले, पण आता त्याचा काय उपयोग होता!

"फाटक कुणी उघडं टाकलं?" मारिटचा आवाज फाटला. लायलचा हात चादरीवर हलला.

"मी लावलं होतं," हबकॅप म्हणाला. "लावलं होतं म्हणजे, नेहमी लावतोच. ही नवीन बाहेर गेली होती, टोपली आहे बघ हातात."

"ओटमील, तू गेलीस फाटकातून?"

नाही म्हणता आलं असतं. कुणी बघितलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ती तिथे राहिली असती, आणि संध्याकाळपर्यंत केव्हातरी सांगताही आलं असतं. व्हेल्डाने टाइप केलं, 'गेले. फाटक उघडंच होतं. जसं सापडलं तसं सोडलं.'

हबकॅप खो खो हसला. "काय पण सबब! मॅगपाय, धक्का मारून बाहेर काढ हिला."

व्हेल्डाने पडद्यावर आपलंच वाक्य पुन्हा वाचलं.

ते वाक्य तिचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत, उत्तरेच्या कुरणाचं फाटक उघडं राहून अख्खा कळप रेल्वेच्या रुळांवर गेला होता, मालगाडी आली होती, आणि त्या रक्तामांसाच्या राड्यात शेजारपाजारच्या सगळ्यांसमोर उभं राहून मारिटने हेच सांगितलं होतं. उघडंच होतं, आई. जसं सापडलं तसं सोडलं. आणि व्हेल्डा म्हणाली होती, "चूक झाली तर झाली म्हण. पण खोटं बोलू नकोस. खोटारडी कुठली!" लायल शेजारी उभा होता. ज्याने तो नियम शिकवला तो बाप मान खाली घालून मेलेल्या गायी बघत राहिला होता, पोरीच्या बाजूने एक शब्द बोलला नव्हता. त्याच आठवड्यात मारिट निघून गेली.

किती साधं होतं ते! फाटक उघडं असतं, माणूस तसंच सोडतं, आणि मग कुणाला पटत नाही.

"ओटमील," मारिट म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "कोण आहेस तू?"

व्हेल्डाने बोलण्याचं बटण दाबलं. ती काही म्हणायच्या आत मशीनची टिकटिक पलीकडे गेली.

"तो आवाज कसला?"

"बाबांचं मशीन आहे," व्हेल्डा म्हणाली.

पलीकडे श्वास आत घेतल्याचा आवाज आला. मग मारिट हसली, पण ते हसणं ऐकवेना. "अरे वा. या वेळी मशीनसुद्धा आणलंत. ऑरिनकाकाने बनवलं का? छान जमलंय."

"मारिट."

"मी मूर्ख आहे ना. एकदा आले, पुन्हा येईन. माझं पिल्लू मारलंस तू, आई! तीन दिवस झोपले नाही त्याच्यासाठी."

"मारिट, मी शपथ घेणार नाही. माझ्या शपथेला आता कोण विचारतं? तू मला हाकललंस तरी चालेल. बाबा इथे माझ्या शेजारी आहेत, तुझा आवाज ऐकतायत, आणि ते जायला लागलेत. हे तुला पटवायला माझ्याकडे काही नाही. काहीही नाही. आणि फाटक उघडं होतं. खरंच उघडं होतं गं. मला कसं पटवायचं ते कळत नाहीये." तिचा आवाज मोडला. "तुलापण असंच झालं असेल ना? सगळे बघत होते, आणि मी..."

टिकटिक चालू होती. दारात नर्स येऊन उभी राहिली होती आणि आत यावं की नाही ते तिला सुचत नव्हतं.

"मॅगपाय," हबकॅप मध्येच म्हणाला, त्याला यातलं काही कळलं नव्हतं, "नवशिकी आहे, थापा मारतेय. फाटक हिनेच उघडं टाकलं."

"गप्प बस, हबकॅप," मारिट म्हणाली. "तिला उघडंच सापडलं."

"तुला काय माहीत?"

"ती म्हणतेय म्हणून."

व्हेल्डाने तोंडावर पदर घ्यावा तशी स्वेटरची बाही दाबून धरली. आवाज बाहेर फुटू नये म्हणून.

"आई, मला बाबांच्या कानापाशी ने."

व्हेल्डाने लॅपटॉप उचलून उशीवर अगदी त्याच्या कानाला लावला.

"बाबा, मी लांब उत्तरेला ग्रँड प्रेअरीत आहे. आत्ता निघते. रस्त्यावर बर्फ आहे, उद्या उजाडेल मला यायला. तुम्ही थांबा. ऐकताय ना? माझ्यासाठी तेव्हा एक शब्द बोलला नाहीत, आता एवढं तरी करा. थांबा."

लायलच्या डोळ्यांच्या कडेने पाणी निघून उशीत गेलं. मास्क धुक्याने भरला. व्हेल्डा म्हणाली, "मान हलवली त्यांनी. हलवली, मारिट." आणि हे खरंच होतं.

उत्तर आलं नाही. व्हेल्डाने पडद्याकडे बघितलं. काळ्यापांढऱ्या चिलखतातली बाई फाटकाबाहेर, उघड्यावर, होती त्या जागी खाली कोसळून झोपली होती. दाराआड जायलाही ती थांबली नव्हती. गाडीच्या किल्ल्या घेऊन ती खरोखरीच निघाली होती.

झुडपांत काहीतरी हललं.

"ओढून आत घे तिला," हबकॅप म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता. "पायाला धर आणि मागे चाल. मी बघतो इकडे."

व्हेल्डाने लेकीला पायाला धरलं आणि मागे चालत, अडखळत, दोनदा चुकीची बटणं दाबत, कुंपणाच्या आत ओढून आणलं. मेलेल्या पिल्लाशेजारून नेलं आणि भिंतीशी निजवलं. मग ती परत वळली. फाटक तसंच होतं, सताड उघडं.

मास्कआडून लायल काहीतरी म्हणाला. ती खाली वाकली. मारिटचं नाव असेल असं तिला वाटलं होतं.

"फाटक?" त्याने पुन्हा विचारलं.

"लावते," व्हेल्डा म्हणाली, आणि तिने ते लावलं.

मग लॅपटॉप तसाच चालू ठेवून तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली, त्याचा हात हातात घेतला, आणि खिडकीबाहेर पडणाऱ्या बर्फाकडे बघत ती टिकटिक ऐकत बसली.